पास काढावा की तिकीट? विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चाचे गणित

नागपूर : महाविद्यालयांचे प्रवेश होत आले, की घराघरांत खर्चाचा हिशेब मांडला जातो. शुल्क, पुस्तके, वह्या, जेवणाचा डबा यांची बेरीज होते. रोजच्या येण्याजाण्याचा खर्च मात्र बहुधा शेवटी आठवतो. काटोल, सावनेर, उमरेड किंवा वर्ध्याहून नागपुरात शिकण्यासाठी येणाऱ्यांच्या बाबतीत तर हा खर्च अनेकदा शिक्षण सुरू राहणार की थांबणार, हेच ठरवतो. सवलती अनेक आहेत. पण एस.टी., रेल्वे, शहर बस आणि मेट्रो या चौघांचे नियम निराळे असल्याने कोणती सवलत आपल्याला खरोखर स्वस्त पडेल, हे ज्याचे त्यानेच पाहावे लागते.

एस.टी. : वीस दिवसांची कसोटी

ग्रामीण भागातून येणाऱ्यांचा मुख्य आधार एस.टी.च. महामंडळ विद्यार्थ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत देते. म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भागच भरावा लागतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेखाली बारावीपर्यंतच्या मुलींना हा पास विनामूल्य मिळतो. त्यांच्यासाठी हिशेबाचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न आहे तो बारावीनंतरच्या मुलींचा. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना सरसकट अर्धे तिकीट लागते. मग पास काढावा की रोज अर्धे तिकीट घ्यावे? समजा, एका बाजूचे पूर्ण भाडे ६० रुपये आहे. तीस दिवसांच्या साठ फेऱ्यांचे ३,६०० रुपये होतात आणि त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे १,२०० रुपये, पासाला पडतात. अर्ध्या तिकिटाने मुलीला जाऊन-येऊन दिवसाला ६० रुपये लागतात. वीस दिवसांत तेवढीच रक्कम होते. याचा अर्थ असा, की महिन्यात वीसपेक्षा अधिक दिवस महाविद्यालयात जायचे असेल तरच मुलीला पास परवडतो. दसरा-दिवाळीच्या सुट्या किंवा परीक्षेपूर्वीची रजा असलेल्या महिन्यात पंधराच दिवस जाणे झाले, तर तिकिटावर ९०० रुपयांत भागते आणि पासात ३०० रुपये वाया जातात.

मुलांचे गणित वेगळे आहे. त्यांना पूर्ण तिकीट, म्हणजे दिवसाला १२० रुपये पडतात. त्यामुळे दहा दिवसांतच पासाची रक्कम वसूल होते. मुलांनी पास टाळणे जवळजवळ कधीच शहाणपणाचे ठरत नाही. भाडे कितीही असले तरी वीस आणि दहा दिवसांचे हे प्रमाण बदलत नाही. २५ जानेवारी २०२५ पासून एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा खर्च वाढला. तुलना तीच राहिली.

रेल्वे : माहीत नसलेली सवलत

वर्धा, काटोल, कामठी अशा रेल्वेमार्गावरच्या गावांतील विद्यार्थ्यांनी आधी रेल्वेच्या पासाची चौकशी करावी. २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात पदवीपर्यंतच्या मुली आणि बारावीपर्यंतच्या मुलांना घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य देण्याची घोषणा झाली. इतर विद्यार्थ्यांना वयाच्या अटीत राहून हाच पास निम्म्या दरात मिळतो. संस्थाप्रमुखांचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र त्यासाठी आवश्यक असते.

ज्यांना पैसे भरून पास घ्यावा लागतो, त्यांच्यासाठी त्रैमासिक पासाचा पर्यायही आहे. त्याची किंमत मासिक पासाच्या तिप्पट नसून २.७ पट असते. मात्र तीन महिन्यांत मोठी सुटी येत असेल, तर ही दहा टक्क्यांची बचत सहज निसटते. शिवाय पासधारकाला आरक्षित डब्यात बसता येत नाही आणि प्रत्येक गाडीत पास चालतोच असे नाही. गाडीची वेळ आणि पहिला तास यांचा मेळ बसतो का, हे पास काढण्यापूर्वीच पाहावे.

मेट्रो : शेवटच्या मैलाचा खर्च

शहरातल्या शहरात प्रवास करणाऱ्यांपुढे मेट्रोचा पर्याय मार्च २०१९ मध्ये खुला झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिला टप्पा पूर्ण होऊन ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर हे दोन्ही मार्ग सीताबर्डीत जोडले गेले. २०२३ च्या फेब्रुवारीत महामेट्रोने विद्यार्थ्यांसाठी ३० टक्के सवलत आणली. सवलतीचा लाभ घेण्याची पद्धत आणि आपल्या मार्गाचा दर तिकीट खिडकीवर विचारून घ्यावा.

समजा, तिकीट २० रुपयांचे आहे. सवलतीनंतर ते १४ रुपयांना पडेल आणि महिन्यातील २२ दिवसांच्या ४४ फेऱ्यांत २६४ रुपये वाचतील. पण स्थानकापासून महाविद्यालयापर्यंत सामायिक ऑटोला प्रत्येक वेळी १० रुपये मोजावे लागले, तर ४४० रुपये जातात आणि बचतीचा मागमूस राहत नाही. स्थानकापासून पायी जाता येत असेल तर मेट्रो उत्तम. मेट्रोच्या डब्यात सायकल नेण्याची मुभा नागपुरात दिली गेली, तिचाही विचार करण्याजोगा आहे.

जिथे मेट्रो पोहोचत नाही, तिथे महापालिकेची 'आपली बस' उपयोगी पडते. तिच्यासाठी विद्यार्थ्यांचा वेगळा पास असतो. एस.टी.चा पास किंवा एस.टी.तील महिलांची सवलत या बसमध्ये गृहीत धरू नये. दोन्ही सेवा वेगळ्या संस्थांच्या आहेत. गणेशपेठ बसस्थानकावर उतरून पुढे शहर बस धरणाऱ्यांनी दोन्ही खर्चांची बेरीज करूनच निर्णय घ्यावा.

आधी दिवस मोजा

सारांश एवढाच, की सवलतीची टक्केवारी पाहून निर्णय घेऊ नये. महिन्यात प्रत्यक्ष किती दिवस जायचे आहे, ते दिनदर्शिका समोर ठेवून मोजावे. घरापासून वर्गाच्या दारापर्यंतचा सगळा खर्च धरावा. ओळखपत्र आणि महाविद्यालयाचे प्रमाणपत्र पहिल्याच आठवड्यात मिळवावे, कारण त्याला उशीर झाला, की तेवढे दिवस पूर्ण भाडे भरावे लागते. महिन्याकाठी वाचलेले दोन-तीनशे रुपये शहरात किरकोळ वाटतील. पण गावाकडच्या ज्या घरात मुलीला पुढे शिकवावे की नाही यावर अजून विचार चालू आहे, तिथे एवढ्या रकमेनेही पारडे झुकू शकते.