सेंट लुसिया: एक कवी, एक चित्रकार आणि एक झेंडा

ऐकता ऐकता एक काम करा. फोनच्या कीबोर्डवर झेंड्यांचे इमोजी उघडा आणि सेंट लुसिया शोधा. निळ्यावर पांढरा, काळा आणि पिवळा असे एकावर एक त्रिकोण दिसतील. समुद्रकाठी उभे असलेले तिथले दोन सुळके, पिटॉन, ते हे. हा झेंडा १९६७ मध्ये डन्स्टन सेंट ओमेर नावाच्या चित्रकाराने तयार केला. त्याचा जिगरी दोस्त म्हणजे कवी डेरेक वॉलकॉट, १९९२ चा नोबेल विजेता. आजचा एपिसोड या जोडीवर.

कॅरिबियन समुद्रातलं हे बेट क्षेत्रफळाने आपल्या मुंबईहून किंचित मोठं, पण वस्ती दोन लाखांच्याही आत. तरी नोबेल दोन! दुसरे अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस. गंमत म्हणजे दोघांचाही वाढदिवस २३ जानेवारीचा. फ्रेंच आणि इंग्रजांनी हे बेट एकमेकांकडून तब्बल चौदा वेळा हिसकावलं, त्यामुळे शाळा इंग्रजीत आणि घरात फ्रेंचमधून घडलेली क्वेयोल बोली.

वॉलकॉटचे वडील हौशी चित्रकार. मुलगा वर्षाचा असतानाच ते गेले. पुढे त्यांचेच मित्र हॅरोल्ड सिमन्स यांनी वॉलकॉट आणि सेंट ओमेर दोघांना आपल्या स्टुडिओत चित्रकला शिकवली. माझ्या मते या गोष्टीचा खरा हिरो हा मास्तरच. स्वतः चित्रकार, वर बेटावरची लोकगीतं आणि सण गोळा करणारा माणूस. ज्या काळात क्वेयोलला अडाण्यांची भाषा समजत, त्या काळात!

आता अडचण बघा. शाळेत शिकायचं ते इंग्लंडच्या ऋतूंबद्दल, चर्चमध्ये बघायचा तो गोरा येशू. खिडकीबाहेरचं ब्रेडफ्रूटचं झाड, होडी ओढणारा कोळी यांना ना कविता, ना चित्र. आपलं गाव चित्रात येण्याच्या लायकीचंच नाही, असं पोरांच्या मनात बसणारच ना? या दोघांनी तरुणपणी शपथ घेतली, की बेटाचा कानाकोपरा रंगात आणि शब्दांत उतरवल्याशिवाय इथून हलायचं नाही. ही हकिगत वॉलकॉटच्या ‘अनदर लाइफ’ या दीर्घकाव्यात येते. त्यात मित्राचं नाव बदलून ग्रेगोरियस केलंय.

वॉलकॉटने अठराव्या वर्षी पहिलं पुस्तक स्वखर्चाने छापलं. म्हणजे आईच्या खर्चाने! तिने दोनशे डॉलर दिले, शिक्षिका आणि शिवणकाम करणाऱ्या बाईसाठी केवढी रक्कम ती. पोराने प्रती विकून पैसे वसूलही केले. हात ब्रशपेक्षा शब्दांत जास्त चालतो हे त्याला कळलं होतं. पुढे तो बेटाबाहेर गेला, त्रिनिदादला, अमेरिकेला. सेंट ओमेर मात्र बेटावरच चित्रं काढत राहिला.

त्याचं सगळ्यात गाजलेलं काम रोझो खोऱ्यातल्या चर्चमध्ये आहे. केळीच्या बागांचा हा भाग. तिथे वेदीमागच्या भिंतीवर त्याने पवित्र कुटुंब रंगवलं, काळ्या वर्णाचं. सोबत खोऱ्यातलीच माणसं: ढोल वाजवणारा, शंख फुंकणारा, नाचणारी जोडी. विचार करा, रविवारी तुम्ही प्रार्थनेला बसलात आणि समोर देवाच्या शेजारी तुमच्यासारखाच चेहरा! हे १९७३ चं काम, आणि ‘अनदर लाइफ’ही त्याच साली आलं. नंतर वॉलकॉटने या भित्तिचित्रावरच कविता लिहिली. मला तर मित्राला दिलेली याहून भारी दाद माहीत नाही.

वॉलकॉटने जलरंग कधीच सोडले नाहीत. ‘ओमेरोस’ या त्याच्या १९९० च्या महाकाव्यात होमरची नावं सेंट लुसियाच्या कोळ्यांना मिळतात, अकिल आणि हेक्टर. त्याच्या मुखपृष्ठावरचं चित्र त्याचं स्वतःचंच.

आणि आपल्याशी धागा? आहे की. त्याचं नोबेलचं भाषण सुरू होतं रामलीलेपासून! त्रिनिदादमधल्या फेलिसिटी गावात, ऊसमळ्यांवर नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांची रामलीला. तो सरळ सांगतो की आधी त्याने ते नाटक म्हणून पाहिलं, मूळ गोष्टीची फिकट नक्कल समजून. मग लक्षात आलं, त्या पोरांसाठी ती श्रद्धा आहे, नक्कल नाही.

हे भाषण नोबेलच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतं. सुरुवात तिथूनच करा. ‘ओमेरोस’ जाडजूड आहे, ते सुट्टीसाठी ठेवा.