बाणाची कळ आणि पटावरची नजर

बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच चाल तीन ठिकाणी दिसते. पटावर सोंगटी सरकते, शेजारच्या यादीत नोंद उजळते आणि चाली सुचवणारे इंजिन चालू असेल तर त्याच्या ओळीतले पुढचे चालक्रम बदलतात. ही तिन्ही ठिकाणे जुळती ठेवणे हे पडद्याच्या मांडणीचे काम. नजर पटावरून न हलवता डाव पुढेमागे नेणे हे कळफलकाचे. ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत शिकवणीवर्गातला मुलगा स्पर्धेतला डाव स्कोअरशीटवरून लॅपटॉपवर भरतो, मग प्रशिक्षकासमोर तपासतो. चाळीस चालींच्या डावात दोन्ही बाजूंच्या मिळून ८० खेळ्या होतात. डाव तीनदा वरखाली केला की बाणाच्या कळा शेकड्यांनी दाबल्या जातात. प्रत्येक वेळी माउस शोधावा लागला तर विचाराची साखळी तुटते.

डाव्या-उजव्या बाणांनी एकेक खेळी मागेपुढे जायचे, हा संकेत आता सर्वत्र रुळला आहे. अडचण पर्यायी चालीचा फाटा फुटतो तिथे येते. हॅम्बुर्गच्या चेसबेस या सॉफ्टवेअरमध्ये अशा ठिकाणी उजवा बाण दाबला की पर्यायांची छोटी खिडकी उघडते आणि मार्ग निवडावा लागतो. थिबो द्युप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या, विनामूल्य आणि मुक्तस्रोत लिचेस या संकेतस्थळावर साधा उजवा बाण मुख्य मार्गानेच पुढे नेतो. विश्लेषकाला पहिली पद्धत सोयीची, कारण एकही फाटा नजरेआड होत नाही. डाव सलग वाचणाऱ्याला दुसरी बरी.

डावाच्या मध्येच वेगळी चाल खेळून पाहिली तर काय व्हावे, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. ती नवा फाटा म्हणून जोडायची की जुन्या चाली पुसून त्यांच्या जागी घालायची? नवशिक्याने घाईत ‘पुसा’ निवडले तर खेळलेला डावच हातचा जातो. म्हणून न विचारता फाटा जोडणे आणि पुसण्यासाठी वेगळी आज्ञा ठेवणे, हीच योग्य रचना.

यादीत चाली कशा लिहायच्या, हा प्रश्न छापील जगाने आधीच हाताळला होता. बेलग्रेडहून १९६६ पासून निघणाऱ्या ‘शाहोव्स्की इन्फॉर्मेटर’ने अक्षरांऐवजी सोंगट्यांची चित्रे वापरली आणि कोणत्याही भाषेचा खेळाडू डाव वाचू लागला. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा म्हणत खेळ शिकलेल्या मराठी मुलालाही पडद्यावर ही चित्रेच सोपी जातात. मात्र कळफलकावरून चाल लिहायची तर इंग्रजी अक्षरे येतातच. तिथे मोठा ‘बी’ म्हणजे उंट आणि छोटा ‘बी’ म्हणजे पटावरची दुसरी उभी पट्टी. सगळे छोट्या अक्षरांत ‘बीसी४’ लिहिले तर उंट सी४ वर गेला, की प्याद्याने तिथली सोंगटी मारली? पटावर एकच अर्थ शक्य असेल तर सॉफ्टवेअरने तो घ्यावा. दोन्ही शक्य असतील तर विचारावे.

मराठी टंकलेखन करणाऱ्यांना आणखी एक अडथळा भेटतो. पट फिरवायला लिचेसवर ‘एफ’ची कळ आहे. संगणक इन्स्क्रिप्ट मांडणीवर असेल तर त्याच कळेतून ऱ्हस्व इकार उमटतो, आणि केवळ अक्षर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो ‘एफ’ वाटत नाही. ब्राउझर उमटलेले अक्षर आणि कळेची जागा अशा दोन्ही गोष्टी कळवतो. आधी अक्षर पाहावे, ते लॅटिन नसेल तर जागा पाहावी, एवढ्याने काम भागते. बाणांना ही बाधा नाही.

एकाक्षरी कळांची खरी परीक्षा अंध खेळाडूंच्या हाती होते. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीएमध्ये वेबपान चाळताना ‘एफ’ दाबले की फॉर्ममधला पुढचा घटक गाठला जातो. ती कळ पटापर्यंत पोहोचतच नाही. जून २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुलभता निकषांनी अशा एकाक्षरी कळा बंद करण्याची, बदलण्याची किंवा विशिष्ट घटकावर असतानाच चालवण्याची सोय मागितली. मुंबईचे चारुदत्त जाधव स्वतः अंध खेळाडू; त्यांनी घडवलेले ‘टॉक६४’ हे बोलणारे सॉफ्टवेअर अंध खेळाडूंच्या गरजेतून आले. अंधांच्या प्रत्यक्ष स्पर्धांत काळी घरे किंचित उंच असतात, सोंगट्या खाचेत बसतात आणि चाल मोठ्याने सांगितली जाते. बी, सी, डी, ई, जी कानाला सारखीच वाटतात, म्हणून पट्ट्यांना ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव्ह, हेक्टर अशी नावे आहेत.

आवाजात पट एका दृष्टिक्षेपात मावत नाही, म्हणून मागितले तेवढेच सांगणारी मांडणी लागते. लिचेसच्या अंधांसाठीच्या रूपात शेवटची चाल, घड्याळ किंवा एखाद्या प्रकारच्या सोंगट्या कुठे आहेत, हे छोट्या आज्ञा लिहून विचारता येते.