नवेगाव बांध
नवेगाव बांध हे महाराष्ट्रातील गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एक गाव असून ते याच नावाच्या विस्तीर्ण तलावाकाठी वसले आहे. १९९९ मध्ये गोंदिया जिल्ह्याची निर्मिती होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यात होते.

तलावाची निर्मिती
अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला, असे मानले जाते. कोहळी हा तलावबांधणीसाठी आणि ऊस व भाताच्या बागायतीसाठी पूर्व विदर्भात ख्यातनाम असलेला शेतकरी समाज होय. कोलू पाटलांना पुढे देवत्व प्राप्त झाले. कोलासूर देव म्हणून त्यांची पूजा होते. तलावाभोवतीची सात शिखरे ‘सात बहिणी’ म्हणून ओळखली जातात व त्यांनी बांधकामास साहाय्य केले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेत तथ्यही आहे, कारण पाणी अडविण्याचे बरेचसे काम डोंगरांचा नैसर्गिक वेढाच करतो.

मालगुजारीनंतर
मालगुजारीच्या काळात असे तलाव मालगुजाराच्या देखरेखीखाली असत आणि गावकऱ्यांच्या श्रमांतून त्यांची दुरुस्ती होई. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर तलाव शासनाकडे गेले. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, तर त्याहून मोठे पाटबंधारे विभागाकडे आले. या माजी मालगुजारी तलावांना बोलीभाषेत ‘मामा तलाव’ म्हणतात. मालकी बदलली, मात्र गाळ काढण्याची व पाळ राखण्याची जुनी सामूहिक व्यवस्था मोडली. अनेक तलाव गाळाने उथळ झाले आणि काठांवर बेशरम माजली.

याची झळ शेतकऱ्यांइतकीच ढिवरांना बसली. ढिवर हा परंपरेने मासेमारी करणारा समाज असून त्याची उपजीविका तलावाच्या पाण्यावरच अवलंबून असते. मत्स्यव्यवसायाच्या नावाखाली रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडण्यावर भर राहिला. स्थानिक मासे व त्यांना आसरा देणाऱ्या पाणवनस्पती मात्र दुर्लक्षित राहिल्या. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आश्रयाने राहतो, हे ढिवरांचे पिढीजात ज्ञान होते. तालुक्यातील काही तलावांत ढिवर स्त्री-पुरुषांनी याच ज्ञानाच्या आधारे बेशरम उपटून देशी पाणवनस्पतींची पुनर्लागवड केली आहे.

वन्यजीवन
परिसराला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये तो नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाला. हिवाळ्यात तलावावर स्थलांतरित पाणपक्षी उतरतात. वन अधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांचे येथे दीर्घकाळ वास्तव्य होते. गावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून त्यांना येथील अरण्याविषयीचे बरेच लोकज्ञान मिळाले.