तिवराच्या खोडातले लोखंड

2015 साल संपत आले होते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेंटेरियाच्या आखातात मासेमारीला जाणाऱ्यांना ओळखीचा किनारा ओळखू येईना. भरतीच्या पाण्यात हिरवीगार उभी असणारी खारफुटी राखाडी पडली होती. पाने गळून गेली होती, नुसते सांगाडे चिखलात उभे होते. होडी पुढे न्यावी, पुढची खाडी गाठावी, तर तिथेही तेच.

हा किनारा फार एकाकी आहे. गावे विरळ, पावसाळ्यात रस्ते बंद, खाड्यांत मगरी. पुढच्याच काही महिन्यांत ग्रेट बॅरियर रीफची प्रवाळे पांढरी पडली आणि जगभरचे कॅमेरे तिकडे वळले. इकडे एक अख्खे कांदळवन मेले, त्याची दखल घ्यायला सुरुवातीला जवळपास कोणी नव्हते. मला या सगळ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते.

खबर पोचली ती जेम्स कुक विद्यापीठातल्या नॉर्मन ड्यूक यांच्यापर्यंत. ड्यूक यांचे आयुष्य खारफुटीच्या अभ्यासात गेलेले. पहिला प्रश्न साधा होता: नुकसान किती? पायी फिरून याचे उत्तर मिळणार नव्हते. 2016 मध्ये हेलिकॉप्टरमधून पाहणी झाली, पण खरा हिशेब मांडला तो लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांनी.

लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 30 मीटर लांब-रुंद चौकोन, आपल्या मोजणीने जवळपास नऊ गुंठे. एकेकटे झाड त्यात दिसत नाही, पण त्या नऊ गुंठ्यांची तब्येत कळते. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. पान सुकले की हे गणित उलटू लागते. उपग्रह दर सोळा दिवसांनी त्याच जागेवरून जातो, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याची जणू नाडीच नोंदली जाते. ड्यूक आणि सहकाऱ्यांनी या नोंदी तपासल्या, तेव्हा 2015 च्या उत्तरार्धात ती नाडी एकाएकी कोसळलेली दिसली, आणि तीही रोपर नदीच्या मुखापासून करुंबा गावापर्यंत, सुमारे 1000 किलोमीटर किनाऱ्यावर. शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा 720 किलोमीटरचा म्हणून पाठ केला. त्याहून हा पट्टा मोठा. 2017 मध्ये आकडा प्रसिद्ध झाला: सुमारे 7,400 हेक्टर, म्हणजे अठरा हजार एकरांहून जास्त.

मारले कोणी? चक्रीवादळ आले नव्हते, तेल सांडले नव्हते. आधीचे पावसाळे कोरडे गेले होते, उष्मा कडक होता, म्हणून पहिला संशय दुष्काळावर गेला. पण चित्रांत एक खूण होती. खाडीच्या काठची आणि अगदी समुद्राकडची झाडे बऱ्याच ठिकाणी जगली होती. मेली होती ती मागची, थोड्या उंचावरची, ज्यांच्या बुंध्याला फक्त मोठ्या भरतीचे पाणी लागते. कोकणातल्या कुणालाही हे चटकन उमगेल: भांगाचे पाणी जिथे पोचत नाही आणि उधाणाचेच काय ते पोचते, तिथली ही झाडे. मग उधाणच आले नाही तर?

तसेच झाले होते. एरवी व्यापारी वारे प्रशांत महासागराचे पाणी पश्चिमेकडे ढकलून धरतात. एल निनोच्या वर्षी वारे मंदावतात, पाणी पूर्वेकडे परतते आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेची समुद्रपातळी उतरते. 2015-16 च्या जबरदस्त एल निनोत आखाताचे पाणी साधारण 40 सेंटिमीटरनी खाली गेले आणि कित्येक महिने खालीच राहिले. हा किनारा इतका सपाट की तेवढ्या उतारानेही पाणी मुळांपासून फार दूर गेले. समुद्राच्या काठी उभी असलेली झाडे तहानेने मेली.

हा तर्क झाला. पुरावा गाळात होता, आणि तो आणायला चिखलात उतरण्यावाचून गत्यंतर नव्हते. सदर्न क्रॉस विद्यापीठाचे जेम्स सिप्पो आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या आणि जिवंत वनांतून गाळाचे उभे नमुने काढले, खोडांचे आडवे काप घेतले. खारफुटीच्या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून तिथे लोह आणि गंधक पायराइट या खनिजात बांधलेले असतात. पाणी हटले, चिखल सुकला, हवा आत गेली, की पायराइटचे विघटन होते आणि लोह सुटे होऊन पाण्यात मिसळते. मेलेल्या वनाच्या गाळातून लोह खरोखरच कमी झालेले दिसले. ते गेले कुठे? काही समुद्रात गेले असावे, पण काही झाडांच्या खोडातच सापडले. मरणाच्या अगदी आधी तयार झालेल्या लाकडात लोहाचे प्रमाण 30 ते 90 पटींनी वाढले होते. शेवटच्या घोटाबरोबर झाडांनी काय प्यायले, ते लाकडात जसेच्या तसे राहिले होते. 2020 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आणखी एक धक्का बाकी होता. ड्यूक यांच्या चमूने 1972 पासूनची जुनी उपग्रहचित्रे उघडली, तर त्याच किनाऱ्यावर 1982 मध्येही, त्या वेळच्या एल निनोच्या सुमारास, खारफुटी अशीच मोठ्या प्रमाणावर मेलेली दिसली. चित्रे होती, पण पाहिली कोणी नव्हती. सुमारे चाळीस वर्षे हा मृत्यू दप्तरात पडून होता. चंद्राच्या कक्षेच्या 18.6 वर्षांच्या चक्रामुळे भरतीची उंची कमी-जास्त होते, त्याचाही 2015 च्या मृत्यूत हात असल्याचे दुसऱ्या एका अभ्यासगटाने 2022 मध्ये दाखवले. एल निनोचा वाटा किती आणि चंद्राचा किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. वाद व्हायलाच हवा. पाणी हटले, याबद्दल मात्र शंका नाही.

1982 नंतर ते वन सावरायला किमान 15 वर्षे लागली होती. या वेळी तेवढीही उसंत मिळाली नाही. डिसेंबर 2018 मध्ये ओवेन आणि मार्च 2019 मध्ये ट्रेवर ही चक्रीवादळे आखातात शिरली. मेलेली खोडे लाटांबरोबर घरंगळली आणि नव्याने रुजलेली रोपे त्यांच्याखाली खरवडली गेली.

तिकडे मेलेल्या झाडांत एक प्रमुख जात होती अॅव्हिसेनिया मरिना. मुंबईच्या, ठाण्याच्या, रायगडच्या खाड्यांत जे तिवर उभे आहे, ते याच जातीचे. आपला समुद्र वेगळा आहे, भरतीचे मान वेगळे आहे, त्यामुळे तिथले जसेच्या तसे इथे होईल असे मी म्हणत नाही. पण लँडसॅट आपल्या खाड्यांवरूनही जातो, आणि 2008 पासून त्याची सारी चित्रे, जुनीसुद्धा, सर्वांना मोफत खुली आहेत. तुमच्या खाडीच्या गेल्या पन्नास वर्षांच्या नोंदी त्यात आहेत. उघडून पाहा, आणि एखादा ठिपका फिका वाटला तर ओहोटीला तिथे जाऊन चिखलात पाय घाला.