हस्तोपचाराची पहिली भेट व रुग्णाची पूर्वतयारी

पाठदुखी, मानदुखी किंवा सांध्यांचा ताठरपणा यांवर केवळ हातांनी उपचार करण्याची कल्पना मराठवाड्याला नवी नाही. हाडवैद्याकडे जाण्याचा परिपाठ नांदेड व लातूरकडील खेड्यांत पूर्वापार चालत आला आहे. ऑस्टिओपॅथी ही मात्र निराळ्या कुळातील पद्धती होय. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये तिची तत्त्वे मांडली व १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे तिचे पहिले विद्यालय काढले. स्नायू ताणणे, सांधा मंद गतीने हलविणे आणि क्वचित मणक्याला अल्प पण शीघ्र झटका देणे, ही तिची प्रमुख तंत्रे होत.

सैल कपडे घालून जावे व भरपेट जेवून जाऊ नये, एवढ्यालाच पहिल्या भेटीची तयारी समजण्यात येते. या गोष्टी सोयीच्या खऱ्या, पण गौण. खरी तयारी वृत्तान्ताची असते. चिकित्सकाच्या हाताला स्नायूंचा ताण कळतो. हाडाचा ठिसूळपणा किंवा मणक्यातील क्षय कळेलच असे नाही. म्हणून हा उपचार करावा की करू नये, या निर्णयाचा मोठा भाग रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून असतो.

या प्रदेशात तर ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाच्या वेळी जे तरुण होते, ते आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. ढिगाऱ्याखाली सापडून त्या वेळी एखाद्याचा मणका दबला असेल, तर ती ‘जुनी गोष्ट’ म्हणून न सांगण्याचा संभव असतो. चिकित्सकाच्या दृष्टीने ती मुळीच जुनी नसते. दुसरे उदाहरण पाण्याचे. नांदेड जिल्ह्यातील काही भागांत भूजलातील फ्लोराइडचे प्रमाण लिटरला १.५ मिलिग्रॅम या मर्यादेहून अधिक आढळले आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास अस्थिबंधांत चुना साचतो व कणा ताठ होतो. हा ताठरपणा स्नायूंचा समजून झटका दिला गेल्यास अपाय होऊ शकतो. गावात पिण्याचे पाणी बोअरचे की नळाचे, ही माहिती कोणी विचारली नाही तरी रुग्णाने आपण होऊन द्यावी.

दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पूर्वीचा कर्करोग, रात्री येणारा ताप, घटते वजन, गर्भारपण, मान वळविताना येणारी घेरी, हे सर्व सांगितलेच पाहिजे. जुनी क्ष-किरण चित्रे व औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात. दोन्ही पायांतील बळ कमी होणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे यांपैकी काही आढळले, तर हस्तोपचाराची वेळ पाळण्याऐवजी तडक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. ती सोय नांदेड व लातूर या दोन्ही शहरांत आहे.

वृत्तान्त नेमका हवा. लातूरच्या आडत बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाने नुसते ‘कंबर धरते’ असे म्हणण्यापेक्षा ती उचलताना धरते की उतरविताना, सकाळी की संध्याकाळी, कळ पायात कोठवर जाते, हे सांगितल्यास तपासणीला दिशा मिळते.

विचारण्याचा अधिकार रुग्णालाही आहे. उपचार करणारी व्यक्ती फिजिओथेरपिस्ट असल्यास राज्य परिषदेकडील नोंदणी विचारण्यात अनुचित काही नाही. कोणते तंत्र वापरणार, झटका देणार काय, हे आधी समजून घ्यावे. नको असल्यास तसे स्पष्ट सांगावे. स्त्रीरुग्णाने सोबत कोणी असावे अशी इच्छा व्यक्त केल्यास ती मान्य झालीच पाहिजे.

अपेक्षाही माफक असावी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील ४०० रुग्णांच्या चाचणीत कंबरदुखीवरील ऑस्टिओपॅथिक उपचाराचा लाभ लटक्या उपचाराहून किंचितच अधिक आढळला, आणि तोही रुग्णाला जाणवण्याइतका असेल की नाही, याबद्दल संशोधकांनाच शंका वाटली. ‘एका बैठकीत मणका बसवून देतो’ असे आश्वासन देणाऱ्यापासून म्हणूनच सावध राहावे. पहिल्या भेटीनंतर एखाद-दुसरा दिवस अंग ठणकणे स्वाभाविक आहे; मुंग्या, बधिरपणा किंवा तीव्र डोकेदुखी स्वाभाविक नाही, आणि त्यासाठी दुसऱ्या बैठकीची वाट पाहू नये.