संध्याकाळी पाचचे मजूर



स्वर्गाचे राज्य म्हटले की आपल्याला मोहरीचा दाणा आणि खमीर आठवते (मत्तय 13). द्राक्षमळ्याचा दाखला (मत्तय 20:1-16) मात्र जरा खटकतो. खरे तर रबाळ्यासारख्या कामगारवस्तीत तो आधी समजायला हवा. नाक्यावर धडधाकट माणूस लवकर उचलला जातो, म्हातारा-अशक्त मागे उरतो. दाखल्यातला धनी संध्याकाळी पाचलाही बाहेर पडला. उरलेले आळशी नव्हते; त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. त्यांनाही पूर्ण दीनार मिळाला. दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. अर्ध्या दीनारात घरी भाकरही अर्धीच!

मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, ही नियमशास्त्राची आज्ञा (अनुवाद 24:15). ठाणे-रायगडचे कितीतरी कातकरी बांधव मात्र दिवाळीनंतर उचल घेऊन सहकुटुंब वीटभट्टीवर जातात. हिशोब होतो पावसाच्या तोंडावर, आणि उचल वळती होऊन हाती थोडेच उरते. त्यांना हा धनी अन्यायी वाटेल का? कुरकुर केली ती पहाटे काम मिळालेल्यांनी. मंडळीत जन्मलेले आपण बहुधा त्यांच्यातलेच. मजुरी शेवटच्यांपासून वाटायला धन्यानेच कारभाऱ्याला सांगितले होते, म्हणून पहिल्यांना ते सारे उभे राहून पाहावे लागले.