व्रण भरला, पण जंतू गेला का?
कुही-भिवापूरकडे मिरचीचं पीक, त्यामुळे पोटात व्रण झाला की आळ तिखटावर येतो. मिरचीने जळजळ वाढते. व्रण मात्र बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतो.

जंतूवरचा १४ दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स संपून दुखणं थांबलं की नागपूरच्या दवाखान्याची पुढची फेरी राहूनच जाते. तेवढी चुकवू नका. अँटिबायोटिक संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करतात. तपासणीआधी २ आठवडे पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. व्रण जठरातला असेल, तर ८ ते १२ आठवड्यांनी बहुधा पुन्हा दुर्बीण घालतात, कारण न भरणाऱ्या व्रणामागे कधी कर्करोग दडलेला असतो.

दिवसभर वाकून मिरची तोडली की कंबर धरते आणि दुकानातली गोळी सहज तोंडात जाते. तिच्यात डायक्लोफेनॅक असेल, तर भरलेला व्रण पुन्हा उघडू शकतो. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका.

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.